मुंगीबाईंच्या वहीची नक्कल

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळी ६.४०. प्रकृती ठीक.

नवी नोकरी, नवं घर, तेव्हा रोजनिशीही नवी. आधी वार, वेळ आणि प्रकृती लिहायची, मग बाकीचं, ही सवय वडिलांची. माणूस ताळ्यावर आहे की नाही ते पहिल्या ओळीवरून कळतं, असं ते म्हणायचे.

घर दोन खोल्यांचंच आहे, पण उजेड भरपूर. ही सकाळपासून खूश आहे. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या मापाचा ओटा मिळाला, म्हणाली. नवरा काय, आहे तोच चालवून घेईन. मी मोठ्याने हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, हेही नोंदवायला हवं.

प्रयोगशाळा चालत बारा मिनिटांवर. दुमजली इमारत, पांढऱ्या फरशा, जिन्यात जंतुनाशकाचा वास. इथे फ्लूच्या विषाणूवर काम चालतं. तिथल्या एक तंत्रज्ञ बाई वर्षापूर्वी वारल्या. त्यांच्या हस्तलिखित वह्यांची स्वच्छ नक्कल करायची, हे माझं काम. टंकून का नाही, असं मी विचारलं. तपासणी समितीचा नियम आहे म्हणे: मूळ वही वाचता येत नसेल तर पानांवर आकडे छापलेल्या बांधीव वहीत शाईने नक्कल हवी, आणि प्रत्येक पानाखाली नक्कल करणाऱ्याची व प्रमुखांची सही. समिती एकवीस तारखेला येणार आहे.

मूळ वही खरंच वाचवत नाही. अक्षर इतकं बारीक, की पानावर मुंग्यांची रांग लागल्यासारखी दिसते. प्रमुख, म्हणजे सर, त्यांना मुंगीबाई म्हणत. आता सगळेच म्हणतात. सर पन्नाशीचे, घाईतले, मोठ्या आवाजाचे, मला आवडले. त्यांनी मला भिंग दिलं. शिपाईमामांनी चहा दिला आणि सांगितलं, की माझ्याआधी दोघं येऊन गेले. एकाचे डोळे दुखले, दुसऱ्याचा जीव रमला नाही. तुम्ही टिकाल, म्हणाले, तुमच्या तोंडावरच लिहिलंय. काय लिहिलंय, ते सांगितलं नाही.

मंगळवार, ५ मार्च. संध्याकाळी ७.००. प्रकृती ठीक.

जे समजत नाही त्याची नक्कल करायची नाही, असा माझा नियम आहे. (हा नियम मी फार उशिरा केला. असो.) म्हणून सरांनाच विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून तासभर समजावलं.

विषाणू म्हणजे फुकट्या पाहुणा. येताना नुसती कृती लिहिलेला कागद आणतो. भांडी, चूल आणि राबणारे हात सगळे यजमानाचे. फ्लूच्या विषाणूचा मजकूर आठ तुकड्यांत असतो. नक्कल करणारं एक यंत्र तो बरोबर आणतो, पण ते यंत्र एकट्याने चालत नाही. पेशीच्या केंद्रकात पेशीचंच एक प्रथिन असतं, तिच्या स्वतःच्या कामासाठी असलेलं. विषाणूची दोन यंत्रं त्याच्या दोन बाजूंना येऊन चिकटतात. एक लिहितं, दुसरं नवी प्रत हातात घेतं, आणि मधला पूल म्हणजे पेशीचं ते गरीब प्रथिन. पूल नसला तर नक्कल नाही.

पक्ष्यांच्या पेशीत हे प्रथिन लांब असतं, माणसाच्या पेशीत आखूड. म्हणून पक्ष्यांचा विषाणू माणसात आला तर त्याचं यंत्र अडखळतं. मग मजकुरात एखादंच अक्षर बदलतं आणि आखूड पुलावरही त्याचं जमून जातं. मुंगीबाई हेच मोजत होत्या: कोणत्या बदलाने, कोणत्या पेशीत, किती नकला.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनातून जात नाही. पेशी आपल्या कामाचे निरोप पाठवते तेव्हा प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक खूण असते. विषाणू ती खूण डोक्यासकट छाटतो आणि आपल्या निरोपाला लावतो. पेशी सुरुवात पाहते, आपलीच आहे म्हणते आणि पुढचं सगळं मुकाट्याने पाळते.

हिला सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे तुमच्या धाकट्या काकांसारखंच की, वडिलांचं नाव पुढे करून उधारी करायचे.

शुक्रवार, ८ मार्च. संध्याकाळी ६.१५. प्रकृती ठीक.

पहिली १२८ पानं आधीच्या दोघांनी उतरवली होती; तिथून पुढे पाच दिवसांत माझी एकाहत्तर झाली. भिंगाची सवय झाली आहे. बाईंचं लिहिणं नेटकं आहे: खाडाखोड नाही, चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी आद्याक्षर आणि तारीख. मीही असंच लिहितो. ओळख नसलेल्या बाईविषयी आपलेपणा वाटला.

इथली एक रीत आज कळली. वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘वाचले व समजले’ असं छापलेलं असतं आणि तिथे दुसऱ्या माणसाने सही करायची असते. सर शुक्रवारी दुपारी चहाबरोबर आठवड्याच्या सगळ्या पानांवर सह्या करतात. आज माझी एकाहत्तर पानं त्यांनी सहा मिनिटांत संपवली. डावा हात कपावर, उजवा पानांवर, डोळे फोनवर. मामांनी पानं उलटून द्यायची. हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

मला ते बघवलं नाही. कारण अशा सहीने काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते इथे स्पष्ट लिहायला हवं. अकरा वर्षांपूर्वी मी औषधांच्या कारखान्यात होतो. वरिष्ठांनी सलाईनच्या एका खेपेचा तपासणी-कागद पुढे सरकवला आणि मी न वाचता सही केली. त्या बाटल्यांनी तीन माणसं दगावली. वरिष्ठांना बढती मिळाली, मी घरी बसलो. मी भांडलो नाही. ते सगळं गिळलं. ते पचलेलं नाही, अजून तिथेच आहे, याची मला लाज वाटते.

सोमवार, ११ मार्च. संध्याकाळी ६.३०. प्रकृती ठीक.

आज पान २१२. शब्द न् शब्द उतरवतो:

‘हूडच्या तोंडाशी धुराची कांडी धरली. धूर आत ओढला जायला हवा. तो बाहेर, माझ्या तोंडावर आला. दुरुस्तीपर्यंत काम थांबवावे का, कृपया सांगावे.’

हूड म्हणजे ज्या काचेच्या कपाटात हात घालून विषाणू हाताळतात ते. वारा आत खेचला गेला तरच माणूस सुरक्षित. खाली: वाचले व समजले. सरांची सही.

पान २१३, पुढच्या आठवड्याचं: ‘मागच्या नोंदीवर सरांची सही आहे, म्हणजे त्यांना माहीत आहे. थांबा म्हणाले नाहीत, म्हणून काम चालू ठेवते. बदललेल्या अक्षराच्या विषाणूची माणसाच्या पेशींत भराभर नक्कल होते आहे.’ सही.

पान २१४: ‘ताप १०१. धूर अजून बाहेरच. काम चालू.’ सही.

पुढची पानं कोरी आहेत. नवव्या दिवशी त्या वारल्या. बाहेर साथ होती, तिथेच लागण झाली, असं ठरलं.

मामांना एकटं गाठून विचारलं, की त्या तोंडाने का बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, गेल्या होत्या की केबिनमध्ये. सर फोनवर होते. म्हणाले, जे काय असेल ते वहीत लिहा, मी सही करतोच ना. त्या बाहेर पडल्यावर चहाला जमलेल्यांना म्हणाले, मुंगीला पंख फुटले बरं का. सगळे हसले. मीही हसलो, असं मामा म्हणाले आणि फडक्याने तेच टेबल पुन्हा पुसायला लागले.

बाईंनी नियम पाळला. सरांनीही पाळला. मधल्या मधे ती सही उभी राहिली आणि तिने बाईंना मारलं.

बुधवार, १३ मार्च. संध्याकाळी ७.२०. प्रकृती ठीक.

त्या तीन पानांविषयी मी मामांना विचारलं, ते सरांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. २१२ ते २१४ ही पानं वाचता येत नाहीत, म्हणाले. तिथे ‘पान कोरे’ असं लिहा. मी म्हटलं, येतात वाचता. ते हसले. तुम्ही नक्कल करायला आहात, संशोधन करायला नाही, म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, की तुमच्या मागच्या नोकरीची चौकशी न करता मी तुम्हाला घेतलं, ते काय उगाच?

घरी येऊन हिला सांगितलं. ही पोळपाट आपटून म्हणाली, सामान हलवताना तुमची सदसद्विवेकबुद्धी मागच्याच घरी विसरून यायला हवी होती.  मग म्हणाली, या ओट्यावर मला दोन वर्षं तरी राबू द्या.

मी तीन पानांवर तीनदा ‘पान कोरे’ लिहून आलो होतो. हे तिला आधी सांगितलं नाही. सल्ला मागायच्या आधीच मी काम उरकलं होतं. मी असा आहे का? असा आहे.

गुरुवार, १४ मार्च. दुपारी १.३०. प्रकृती ठीक.

नव्या वहीतली ती तीन पानं भरलेली आहेत.

माझी शाई. माझं पेन. अक्षर मुंग्यांचं. धूर, सही, ताप: सगळं जसंच्या तसं. ‘पान कोरे’ या माझ्या शब्दांनंतर तीच ओळ पुढे चालू केली आहे.

मामा म्हणतात, काल पाचपर्यंत तुम्हीच लिहीत होतात. नाक पानाला टेकलेलं. दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. मी तर साडेचारला निघालो होतो. ही म्हणते, सहाला आलात.

भिंग घरीच राहिलं होतं. भिंगाशिवाय एवढं बारीक मी लिहू कसा शकलो?

शुक्रवार, १५ मार्च. संध्याकाळी ६.००. प्रकृती ठीक.

आकडे छापलेली पानं फाडता येत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षर टाकलं. आद्याक्षर माझं नाही. तिचं, मुंगीबाईंचं आहे. तिन्ही पानांवर.

दुपारी चहा आला. मामा पानं उलटत गेले. मी समोर उभा होतो. २११ आलं. मी बोलू शकत होतो. सर, पुढचं पान बघा, एवढे चार शब्द. बोललो नाही. २१२ वर सही. २१३ वर सही. २१४ वर सरांनी एक घोट घेतला आणि सही केली.

भीती वाटायला हवी होती. खरं लिहायचं तर जिभेवर गोडवा आला. अकरा वर्षांत असं काही चाखलं नव्हतं.

हा राग तिचा की माझा? बराच वेळ विचार केला. फरक सापडला नाही.

सोमवार, १८ मार्च. सकाळी ८.१०. प्रकृती ठीक.

आज लवकर जाग आली. बाहेर ऊन छान आहे आणि काम थांबवावे का विचारले होते, त्याने सही केली, त्याने सही केली, मी हूडपाशी बसले आणि धूर माझ्या तोंडात गेला, त्याने

वरचं मी लिहिलेलं नाही. वार, वेळ, प्रकृती आणि ऊन, एवढंच माझं. तिथून पुढे हात माझा राहिला नाही. ‘बसले’ असं लिहिलं आहे. मी पुरुष आहे.

डोकं माझं, निरोप तिचा. सर सांगत होते ते असंच होतं.

मंगळवार, १९ मार्च. दुपारी २.००. प्रकृती ठीक.

सरांनी मामांना पत्र टपालात टाकायला दिलं. पाकिटावरचा पत्ता मामांना वाचता येईना. मला दाखवला. मुंग्या.

सर चष्मा बदलायला झालाय म्हणत हसले. खोकले. डोळे लाल होते. उजवा हात खिशात घालून बसले होते.

आता समजलं. ती लिहिते, ते हातात घेतात. मधे मी. आधीचे दोघं सज्जन होते, पण त्यांच्या पोटात काही साठलेलं नव्हतं. तिचं लिहिणं त्यांच्यात अडखळलं. माझ्यात तिला जे हवं होतं ते आयतं सापडलं. मामांनी माझ्या तोंडावर तेच वाचलं होतं.

मी निघून गेलो तर हे थांबेल. राजीनामा खिशात आहे. सही करायची राहिली आहे.

बुधवार, २० मार्च. सकाळी ९.००. प्रकृती ठीक.

तीनदा ताप पाहिला. नाही. पुलाला ताप येत नसावा.

हिने राजीनामा पाहिला. माझ्याकडे पाहून म्हणाली, जा म्हणत असाल तर जाऊ, ओटा काय, कुठेही मिळेल. इतकं चांगलं ती बोलली. मी तो कागद फाडला. तिच्यासाठी फाडला असं तिला वाटलं. ती रडली.

तिच्यासाठी नाही फाडला. मला उद्या पाहायचं आहे.

गुरुवार, २१ मार्च. संध्याकाळी ५.००. प्रकृती ठीक.

समितीचे तिघं. लांब टेबल. अध्यक्षीणबाईंनी सरांना प्रमाणपत्रावर सही करायला सांगितलं. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून पेन उचललं.

सही झाली नाही. पेन खाली उतरलं आणि बारीक चालू लागलं. धुराची कांडी. धूर बाहेर. काम थांबवावे का. तिन्ही पानं, अक्षरही न चुकता. जी त्यांनी एकदाही वाचली नव्हती ती पानं. कागद संपला, टेबलावर चालू. अध्यक्षीणबाई उठल्या. सर त्यांच्याकडे बघत होते, हात लिहीत होता. मग एकच वाक्य – मी वाचले नाही, मी वाचले नाही – लाकडावर, बाहीवर, डाव्या तळहातावर. शाई संपली तरी.

मग खुर्चीतून घसरले. कपाळाला कोणाला हात लावू देईनात. ताप १०४.

समितीने मूळ वही ताब्यात घेतली. खरं ते नोंदवलं गेलं. हेच तर हवं होतं मला. एवढंच हवं होतं का?

शुक्रवार, २२ मार्च. दुपारी ४.००. प्रकृती ठीक.

रुग्णालयात गेलो. काचेतून पाहिलं. नाकात नळी. उजवं बोट चादरीवर चालतंय. नर्स म्हणाली बांधून ठेवलं तरी चालतं.

पाच मिनिटं बघायचं ठरवलं होतं. पावणेदोन तास बघत होतो. नर्सने विचारलं, भाऊ का तुम्ही त्यांचे – हो म्हटलं. का म्हटलं –

शनिवार, २३ मार्च. सकाळी ११.०० प्रकृती ठीक.

सर गेले. सकाळी.

दुःख शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं. सापडला तो गोडवाच.

मामा म्हणाले, आता शांत झाली असेल बिचारी. मी हो म्हटलं. घरी आलो, झोपलो, उठलो तर ओट्यावर पिठात बोटाने – बारीक – ही म्हणते तुम्हीच लिहिलंत, माझ्यासमोर – काय लिहिलं ते तिने पुसलं. सांगत नाही. माझ्याकडे बघत नाही.

आता कोण उरलं आहे? तिच्या वहीवर तर एकाच माणसाची सही –

रविवार, २४ मार्च. सकाळी १०.२० प्रकृती

पेन खाली ठेवता येत नाही. ही दाराबाहेर आहे. आत येऊ नकोस म्हटलं. वाचू नकोस म्हटलं –

मुंगीबाईला कोणाची सही ते बघायचंच नाही. नक्कल थांबत नाही. पेशी संपेपर्यंत –

अकरा वर्षं मी म्हणत आलो, न वाचता सही केली. हिला म्हटलं. वडिलांना म्हटलं, ते गेले तेव्हा हेच खरं धरून गेले. या वहीत, आठ तारखेला – म्हटलं –

हात बारीक होतोय.

वरिष्ठांनी कागद पुढे सरकवला, दुपार होती, खिडकी उघडी होती, त्याने कागद घेतला, आणि वाचला. पूर्ण वाचला. दोनदा. त्याला वाचायची सवय होती. बढती त्यालाही कबूल केली होती. त्या कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, की बाटल्यांमध्ये

नाही

बाटल्यांमध्ये जे सापडले आहे ते पोटात गेले तर चालेल पण शिरेतून गेले तर माणूस, आणि त्याने पेन उचललं, आणि तीन माणसं, त्यातली एक सात वर्षांची, तिचं नाव त्याला माहीत आहे, ते त्याने अकरा वर्षांत एकदाही लिहिलं नाही, आता लिहील, तिचं नाव